पोरगा ‘तयार’ आहे का? त्या कागदावर मी लगेच सही का करत नाही

दिवाळी झाली, धानाची कापणी आटोपली आणि गावोगावच्या मंडया सुरू झाल्या की दवाखान्यात एक वेगळाच पेशंट येऊ लागतो. तो आजारी नसतो. वय चौदा-पंधरा, उंची बापापेक्षा जास्त, ओठांवर कोवळी मिसरूड. सोबत मामा, काका किंवा मंडळाचा एखादा कार्यकर्ता असतो आणि त्याच्या हातात एक छापील कागद. ‘सदर खेळाडूची तपासणी केली असून तो स्पर्धेत खेळण्यास शारीरिकदृष्ट्या सक्षम आहे.’ खाली डॉक्टरच्या सही-शिक्क्यासाठी मोकळी जागा.

“फक्त सही पायजे जी डॉक्टर. रात्री सामने हायेत.”

सामने कबड्डीचे. गट खुला, म्हणजे समोर पंचवीस-तिशीची बाप्ये माणसं. पोरगा शाळेच्या संघातला नावाजलेला चढाईपटू असतो, तालुक्याला, जिल्ह्याला चमकलेला. त्याला आता ‘वर’ खेळवायचंय. वर म्हणजे आधी मंडळाच्या मोठ्या संघात, मग जमलं तर विदर्भात नाव, मग टीव्हीवरची लीग. प्रो कबड्डी २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हापासून हा जिना भंडारा जिल्ह्यातल्या प्रत्येक मैदानावर दिसतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार पहिल्या पायरीबद्दल आहे.

मी वर्षानुवर्षं अशा कागदांवर सह्या केल्या. नाडी बघितली, छातीला स्टेथोस्कोप लावला, बीपी घेतलं, “काही त्रास?” “नाही.” झालं. दोन मिनिटं लागायची. काही वर्षांपूर्वी जानेवारीत एका मुलाला दोघांनी उचलून आणलं. चढाईला गेला होता. एकाने घोटा धरला, दुसऱ्याने कंबर, तिसरा वरून पडला. गुडघा नारळाएवढा सुजलेला. नागपूरला एमआरआय झाला आणि कळलं की एसीएल, म्हणजे गुडघ्याला स्थिर ठेवणारा मधला लिगामेंट, तुटलाय. वय पंधरा आणि उंची वाढायची अजून बाकी. मोठ्या माणसात हाडातून बोगदा पाडून नवा लिगामेंट बसवतात. वाढत्या मुलात त्याच बोगद्याने हाडाच्या वाढीचा पट्टा दुखावू शकतो आणि पाय वाकडा किंवा आखूड होऊ शकतो. म्हणून ऑपरेशन कधी आणि कसं, यावरच महिने गेले. तो मुलगा आता आयटीआय करतो. जिना उतरताना कठड्याला हात लावतो. त्याच्या फाइलमध्ये घडी करून ठेवलेला तो छापील कागद मला दिसला. सही माझी होती.

तेव्हापासून अठराच्या आतल्या मुलासाठी खुल्या गटाच्या कागदावर मी दोन मिनिटांत सही करत नाही. लोक नाराज होतात. पुढच्या चौकात जातात आणि तिथे सही मिळते. म्हणून हे लिहितोय.

मिसरूड बघून निवड

कागद विचारतो, मुलगा सक्षम आहे का. पालक विचारतात, तयार आहे का. प्रशिक्षक विचारतो, मोठ्यांत चालेल का. आणि तिघेही उत्तर शोधतात एकाच ठिकाणी: मुलाची उंची, दंड आणि लहान गटातली पदकं. माझं म्हणणं असं की या तिन्ही गोष्टींवरून बहुतेक वेळा एवढंच कळतं की हा मुलगा बरोबरीच्यांपेक्षा लवकर वयात आला. तो बाप्यांत उतरायला तयार आहे की नाही, हे त्यातून कळत नाही.

मुलांची उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती साधारण साडेतेरा-चौदाच्या सुमारास. मुलींची त्याच्या दोनेक वर्षं आधी. पण ही झाली सरासरी. एका निरोगी मुलात ही झेप बाराव्या वर्षी येते, दुसऱ्या तितक्याच निरोगी मुलात सोळाव्या. आठवीच्या वर्गात एका बाकावर बसणारी, एकाच महिन्यात जन्मलेली दोन मुलं बघा. एकाचं शरीर अकराच्या मुलासारखं, दुसऱ्याचं पंधराच्या. या दोघांना कबड्डीच्या मैदानात समोरासमोर सोडलं तर कोण जिंकणार? जो जिंकतो त्याला आपण ‘टॅलेंट’ म्हणतो. दुसऱ्याला बाहेर बसवतो.

ही चूक फक्त आपली नाही. कॅनडात बर्फावरच्या हॉकीचं वेड आपल्याकडच्या क्रिकेटइतकंच. तिथे मुलांचे वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. १९८५ मध्ये रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वरच्या दर्जाच्या खेळाडूंच्या जन्मतारखा मांडून बघितल्या. जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेले भरपूर, ऑक्टोबर ते डिसेंबरचे मोजके. निवडणाऱ्यांना वाटत होतं आपण गुण ओळखतोय, प्रत्यक्षात ते आठ-दहा महिन्यांचं मोठेपण ओळखत होते. पुढचं तर त्याहून बोलकं आहे. तिथले व्यावसायिक संघ अठराच्या सुमारास पोरं निवडतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेले खेळाडू ज्या क्रमांकावर निवडले गेले होते, त्या मानाने पुढे अपेक्षेपेक्षा चांगलेच खेळले. ज्यांच्याकडे पैसा आहे, सामन्यांचं चित्रीकरण आहे, पोरं हेरणारी पगारी माणसं आहेत, तेसुद्धा सतरा-अठराच्या मुलाची तयारी ओळखताना असे फसतात. आपण तर मिसरूड बघून ठरवतो.

आणि आपल्याकडे जन्मतारखेचाही भरवसा नाही. माझ्या वडिलांच्या पिढीत निम्मं गाव १ जूनला जन्मलेलं, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख लिहिली. आता दाखले कॉम्प्युटरवर आले, तरी मुलाचं वय वर्ष-दोन वर्षं ‘कमी’ करून आणणारे अजून भेटतातच.

“मग हाडाचा एक्स-रे काढू का?” असं थोडे शिकलेले पालक विचारतात. त्यांनी बीसीसीआयच्या चाचणीबद्दल ऐकलेलं असतं. डाव्या हाताच्या आणि मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय काढायची ही टॅनर-व्हाइटहाउस पद्धत. क्रिकेटच्या लहान वयोगटांत मोठी मुलं घुसू नयेत म्हणून ती वापरतात आणि त्या कामाला ती ठीक आहे. पण निरोगी मुलातही हाडाचं वय आणि खरं वय यांत वर्ष-दोन वर्षांचा फरक सहज असतो. पंधराच्या मुलाचं हाड सतराचं निघालं तर त्याचा अर्थ एवढाच की त्याची वाढ लवकर आटोपणार. ‘हाड पक्कं झालं, आता खेळवा’ हा निष्कर्ष त्या एक्स-रेत कुठेही नसतो. एका मंडळाने मला तो एक्स-रे परवान्यासारखा आणून दाखवला होता.

आत काय चाललंय

उंचीची झेप चालू असते तेव्हा शरीरातले भाग एका वेगाने वाढत नाहीत. हाड आधी लांब होतं. स्नायूंचा भराव काही महिन्यांनी येतो. हाडात कॅल्शियम भरून ते घट्ट व्हायला त्याहूनही उशीर लागतो. म्हणजे काही काळ मुलाचं हाड लांब पण कच्चं असतं, नुकत्याच उभ्या राहिलेल्या बांबूसारखं. याच वयात मनगटाची हाडं सर्वांत जास्त मोडतात ती त्यामुळेच. गुडघ्याखाली पुढच्या बाजूला टेंगूळ येऊन दुखतं, टाचा दुखतात, कारण स्नायू वाढत्या हाडाच्या मऊ टोकाला ओढत असतो. आपण मुलाला काय सांगतो? “वाढीचं दुखणं आहे, होईल ठीक.” आणि स्प्रे मारून मैदानात पाठवतो.

आता त्या मुलाला खुल्या गटात घाला. पुरुषांच्या कबड्डीत ८५ किलोपर्यंतचा गडी उतरू शकतो. पंचावन्न किलोच्या चढाईपटूला साखळीने धरणारे दोन-तीन गडी म्हणजे दीड-दोनशे किलो, तेही एका पायाच्या घोट्यावर किंवा मांडीवर फिरत येणारे. ज्युनियर गटात तो पोरगा जोराने सुटून जात होता. इथे जोर चालत नाही आणि कौशल्य त्याला कुणी शिकवलेलं नाही, कारण आजवर त्याची गरजच पडली नव्हती.

उलट टोकाची गोष्ट म्हणजे वजनाची मर्यादा. ज्युनियर गटात ती पाळावी लागते, म्हणून तोच पोरगा दोन दिवस उपाशी राहतो, पाणी बंद करतो, स्वेटर घालून पळतो आणि वजनकाट्यावर उतरल्या उतरल्या खेळायला जातो. पॅरिसला २०२४ मध्ये विनेश फोगाटच्या शंभर ग्रॅमवरून देश रडला. पण तिच्यासोबत डॉक्टर, आहारतज्ज्ञ, फिजिओ होते. आमच्या पोरासोबत फक्त मामा असतो.

आपल्या जिल्ह्याचं रक्त

हे मला सर्वांत जास्त टोचतं, म्हणून जरा सविस्तर. विदर्भाच्या या पूर्वेकडच्या पट्ट्यात, भंडारा, गोंदिया, गडचिरोली, नागपूर, चंद्रपूरमध्ये, सिकलसेल किती आहे हे इथल्या कुठल्याही परिचारिकेला विचारा. ‘एसएस’ म्हणजे रुग्ण. ती मुलं बहुधा लहानपणीच दुखण्यांमुळे कळतात. प्रश्न ‘एएस’ म्हणजे वाहक मुलांचा आहे. वाहक निरोगी असतो. त्याला रोजच्या जगण्यात काही होत नाही, म्हणून अनेकांना आपण वाहक आहोत हे लग्न जुळेपर्यंत माहीत नसतं.

पण अतिश्रम, ऊन, अंगातलं कमी झालेलं पाणी आणि न थांबता धावणं हे सगळं एकत्र आलं तर वाहकाच्याही लाल पेशी कोयत्यासारख्या वाकू शकतात. स्नायूंना रक्त कमी पडतं, स्नायू विरघळू लागतात आणि त्याचा मारा मूत्रपिंडावर व हृदयावर होतो. अमेरिकी सैन्यातल्या सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. पाणी, सावली आणि विश्रांतीचे नियम पाळणाऱ्या त्या सैन्यात वाहकांच्या मृत्यूचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळलं नाही. मात्र श्रमाने स्नायू विरघळण्याचा धोका ५४ टक्क्यांनी जास्त होता. दोन्ही वाक्यं लक्षात ठेवा. वाहक मुलाने खेळू नये असं कुणी म्हणालं तर ते चूक आहे, त्याने जरूर खेळावं. फक्त त्याला आणि त्याच्या प्रशिक्षकाला ते माहीत हवं. अमेरिकेत विद्यापीठांच्या पहिल्या श्रेणीतल्या खेळाडूंसाठी २०१० पासून ही चौकशी सक्तीची केली आहे. आमच्याकडे, जिथे हा आजार घरोघरी आहे, त्या छापील कागदावर सिकलसेलचा शब्दसुद्धा नाही!

आणि मग मे महिन्यात, ४४-४५ अंशांत, निवड शिबिर असतं. किंवा पोलीस भरतीच्या १६०० मीटरची तयारी. पोरगा सकाळपासून उपाशी, वजनासाठी पाणी तोडलेलं. चौथ्या फेरीला पाय जड होतात, मांड्या आणि कंबर दुखते, तो खाली बसतो. साध्या गोळ्यात स्नायू दगडासारखा कडक होतो आणि पोरगा ओरडतो. इथे स्नायू मऊच असतो, पोरगा बोलत असतो, फक्त पायांत त्राण नसतं. बाहेरून बघणाऱ्याला ते नाटक वाटतं. “ऊठ, नाटक नको करू” हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलंय. अशा मुलाला परत उभं करायचं नसतं. सावलीत आडवा करा, अंग गार करा, शुद्धीत असेल तर पाणी पाजा आणि सरळ दवाखान्यात आणा.

मुलींचा विषय वेगळा लेख मागतो. एवढंच सांगतो: २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्त कमी आढळलं होतं. नऊ हिमोग्लोबिन असलेल्या मुलीला ‘स्टॅमिना नाही’ म्हणून संघातून काढणारे शिक्षक मला भेटलेत. खेळामुळे पाळी थांबली तर ‘बरंच झालं’ म्हणणाऱ्या आयाही भेटल्यात. बरं नाही झालं. पोटात पुरेसं अन्न जात नाही आणि हाडं ठिसूळ होऊ लागलीत, याची ती सूचना असते.

“पण सचिन सोळाव्या वर्षी…”

हो, सचिन तेंडुलकर १५ नोव्हेंबर १९८९ ला कराचीत उतरला तेव्हा सोळा वर्षांचा होता. राणी रामपाल २०१० चा हॉकी विश्वचषक पंधराव्या वर्षी खेळली. वैभव सूर्यवंशी एप्रिल २०२५ मध्ये चौदाव्या वर्षी आयपीएलमध्ये उतरला आणि त्याच महिन्यात ३५ चेंडूंत शतक ठोकून गेला. हे प्रत्येक पालक मला ऐकवतो. मी विचारतो, चौथं नाव सांगा. कुणी सांगतं, पण पाचव्या-सहाव्याला अडखळतात. ही नावं आपल्याला पाठ आहेत ती दुर्मीळ आहेत म्हणून. पंधराव्या वर्षी गुडघा गेलेल्यांची नावं कुठे छापून येतात? शिवाय क्रिकेटमध्ये तीन बाप्ये तुमच्या पायावर पडत नाहीत.

दुसरं नाव मी सांगतो, आपल्या शेजारच्या जिल्ह्यातलं. खापरखेड्याचा उमेश यादव. वडील कोळशाच्या खाणीत कामगार. विशीच्या जवळ येईपर्यंत टेनिस बॉलने खेळत होता. पोलीस आणि सैन्यभरतीसाठीही त्याने प्रयत्न केले होते. रणजी २००८ मध्ये खेळला, कसोटी २०११ मध्ये, आणि विदर्भाचा पहिला कसोटीपटू झाला. चौदाव्या वर्षी कुणी त्याला ‘तयार’ म्हटलं नव्हतं, म्हणून त्याचं काहीही बिघडलं नाही.

पालकांची घाई मला कळत नाही असं नाही. खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला वाढीव गुण आहेत. दोन एकर धानावर जगणाऱ्या घरात एक प्रमाणपत्र म्हणजे पुढच्या पिढीचा पगार असू शकतो. पण ते प्रमाणपत्र अधिकृत शालेय आणि वयोगटाच्या स्पर्धांतून मिळतं. मंडईतल्या खुल्या गटातून मिळतं ते मंडळाला बक्षिसाची रक्कम आणि चौकात लावायला फ्लेक्स. जोखीम पोराची, फायदा मंडळाचा, आणि मधे माझी सही. माझा राग या हिशेबावर आहे. त्यात आम्ही डॉक्टर सर्वांत स्वस्तात विकले जातो, पन्नास-शंभर रुपयांत.

मग मी काय बघतो? आधी उंची. दर तीन महिन्यांनी दाराच्या चौकटीवर खूण करा, तारीख लिहा. वर्षाला आठ-नऊ सेंटिमीटरच्या वेगाने वाढत असेल तर झेप चालू आहे, या काळात मोठ्यांशी अंगझटीचा खेळ नको. सराव चालू दे, कौशल्य शिकू दे, मार कमी. इंग्लंडच्या फुटबॉल अकादम्यांनी तर २०१५ च्या सुमारास मुलांचे गट वयाऐवजी वाढीच्या टप्प्यावर पाडून सामने खेळवून बघितले. आपल्या क्रीडा शिक्षकांना त्यासाठी फक्त एक टेप लागेल. मग मी दुखणं विचारतो, पण मामाला बाहेर बसवून, कारण मामासमोर कुठलाच पोरगा गुडघा दुखतो म्हणत नाही. एका पायावर उतरताना गुडघा आत वळतो का ते बघतो. धावताना कधी चक्कर येऊन पडला का, घरात कुणी तरुण वयात अचानक गेलं का, हे विचारतो. उत्तर ‘हो’ असेल किंवा छातीत वेगळा आवाज ऐकू आला तर ईसीजी आणि इको झाल्याशिवाय पुढे जात नाही. हिमोग्लोबिन. आणि सिकलसेलची तपासणी. ती सरकारी दवाखान्यात फुकट होते. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळीस वर्षांपर्यंतच्या सगळ्यांसाठी ती आहे. पहिली साधी चाचणी पॉझिटिव्ह आली तर तेवढ्यावर घाबरू नका, वाहक की रुग्ण हे पुढच्या चाचणीत कळतं.

एवढं करूनही मी कागदावर ‘सक्षम’ लिहीत नाही. काय तपासलं, काय सापडलं आणि कुठल्या गटात खेळायला माझी हरकत नाही, ते लिहितो. काही आयोजक असा कागद घेत नाहीत. त्यांना छापील ओळच हवी असते.

या मोसमात कुणाला यायचं असेल तर सामन्याच्या दिवशी संध्याकाळी येऊ नका, आठवडाभर आधी या. मुलाला घेऊन या, सिकलसेलचा जुना रिपोर्ट किंवा कार्ड असेल तर ते आणा, खेळायचे बूट आणा. मंडळाच्या माणसाला बाहेर बाकड्यावर बसू द्या, चहा मी सांगतो.